बंद खाती पुन्हा उघडणारा शल्यविशारद

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्याला हिंदी चित्रपटातली गाणी आठवतात. हिरवी कुरणं, मागे बर्फाची शिखरं, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई आणि उतारावरून शिफॉनची साडी सावरत धावणारी नायिका. दीड-दोनशे वर्षांपूर्वी त्याच दऱ्याखोऱ्यांतून हिंडणाऱ्या प्रवाशांना मात्र आणखीही काही दिसत असे. गावोगावी माणसांच्या गळ्याला गाठी होत्या. कुणाची लिंबाएवढी, कुणाची नारळाएवढी. काही घरांच्या उंबऱ्यावर वयाने वाढलेली, पण उंचीने आणि समजेने लहानच राहिलेली माणसं बसलेली असत. इतकी माणसं अशी होती, की त्याचं कुणाला फारसं नवल वाटत नसे.

गलगंड हा शब्द आपल्यालाही नवा नाही. तो सुश्रुतसंहितेत आहे, आणि हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या खेड्यांतही हा विकार पिढ्यान्‌पिढ्या होता. डोंगर आणि गलगंड यांची जोडी का, हे आज शाळेतलं मूलही सांगेल. हिमनद्यांनी आणि पावसाने डोंगराळ जमिनीतलं आयोडीन हजारो वर्षं धुऊन नेलं. जमिनीत नाही म्हणून धान्यात नाही, धान्यात नाही म्हणून माणसात नाही. पण हे कळायच्या आधी, या गाठी कापून काढता काढता बर्न शहरातल्या एका शल्यविशारदाच्या हाती मानवी शरीराचं एक मोठं गुपित लागलं. त्याचं नाव थिओडोर कोखर. ते गुपित त्यांच्या हाती ज्या रीतीने लागलं, ती हकिकत वाचल्यापासून मला अस्वस्थ करीत आली आहे.

मी डॉक्टर नाही. पस्तीस वर्षं बँकेत काढली आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. आमच्या सौभाग्यवतींचा दिवस गेली काही वर्षं थायरॉइडच्या गोळीने सुरू होतो. रिकाम्या पोटी, चहाच्या आधी अर्धा तास. आज ही गोळी कितीतरी घरांत देवघरातल्या निरांजनाइतकी नेमाने घेतली जाते. तिच्या मागची माणसं कोण, हे शोधताना मला कोखर भेटले, आणि त्यांच्यात मला एक जुना ओळखीचा गुण दिसला. आमच्या धंद्यात तो फार थोड्या अधिकाऱ्यांकडे असे. तो म्हणजे स्वतःच बंद केलेलं खातं पुन्हा उघडून तपासण्याचा.

बर्नचा मुलगा

एमिल थिओडोर कोखर यांचा जन्म २५ ऑगस्ट १८४१ रोजी बर्न इथे झाला. वडील इंजिनिअर. आई मोरेवियन या अत्यंत भाविक ख्रिस्ती पंथातली. तिची शिस्त आणि श्रद्धा मुलाने जन्मभर सांभाळली. पुढे जगभर नाव झालं तरी शस्त्रक्रियेतल्या यशाचं श्रेय ते देवाला देत.

बर्नमध्येच ते वैद्यक शिकले आणि मग युरोपची वाट धरली. बर्लिन, लंडन, पॅरिस, व्हिएन्ना. ज्यांची नावं तेव्हाच्या शस्त्रक्रियेत दरारा बाळगून होती, त्यांची कामं त्यांनी जवळून पाहिली. लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेचा मंत्र दिला होता. तो फार लवकर उचलणाऱ्यांपैकी कोखर एक. १८७२ मध्ये बर्न विद्यापीठात शस्त्रक्रियेच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली. प्राध्यापक मंडळींनी बाहेरच्या एका जर्मन शल्यविशारदाचं नाव सुचवलं होतं. पण विद्यार्थी आणि गावातले डॉक्टर आपल्या माणसामागे उभे राहिले आणि सरकारने कोखर यांची नेमणूक केली. तेव्हा त्यांचं वय होतं तीस. व्हिएन्ना, बर्लिन, प्राग इथून पुढे बोलावणी आली. पण कोखर बर्न सोडून गेले नाहीत. पंचेचाळीस वर्षं एका गावात, एका इस्पितळात. त्यांच्या गोष्टीत या गाव न सोडण्याला महत्त्व आहे. रोगी आणि डॉक्टर दोघंही एकाच मुलखात राहिले, म्हणूनच पुढचा हिशेब लागू शकला.

ज्या शस्त्रक्रियेला सगळे भीत

गलगंड कापणं ही त्या काळी जवळजवळ आत्महत्या समजली जात असे. थायरॉइड ही ग्रंथी आकाराने फुलपाखरासारखी, वजनाने जेमतेम वीस ग्रॅम. पण तिच्यातून इतकं रक्त वाहतं की एखादी रक्तवाहिनी निसटली तर हातात काही उरत नाही. शेजारीच श्वासनलिका, आणि आवाजाला चेतना देणारी बारीक नस. अमेरिकेतले नामांकित शल्यविशारद सॅम्युएल ग्रॉस यांनी १८६६ मध्ये, शहाण्या माणसाने या वाटेला जाऊ नये, अशा आशयाचा इशारा देऊन ठेवला होता. खुद्द थिओडोर बिलरोथ, म्हणजे त्या युगाचे मेरुमणी. त्यांनीही झुरिकमध्ये असताना वीसेक शस्त्रक्रिया केल्या, त्यांतली आठेक माणसं दगावली, आणि त्यांनी काही काळ हा नाद सोडून दिला.

कोखर यांच्यापुढे प्रश्न निराळा होता. त्यांच्या इस्पितळाच्या दाराशी रोज गलगंडाचे रोगी येत. गाठ आत वाढून श्वास कोंडलेले, घास गिळता न येणारे. त्यांना परत पाठवायचं कुठे?

त्यांनी हात धीमा केला. घाई करायची नाही, एकेक रक्तवाहिनी आधी चिमट्यात धरायची, बांधायची आणि मगच कापायची. टोकाशी दात असलेला तो चिमटा आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो आणि आपल्याकडच्या शस्त्रक्रियागृहांतही असतो. पाहणाऱ्यांना त्यांची शस्त्रक्रिया कंटाळवाणी वाटे, इतकी ती संथ आणि रक्तहीन असे. पहिल्या दहा-अकरा वर्षांत त्यांनी शंभरावर गलगंड काढले. मृत्यूचं प्रमाण सुमारे तेरा टक्क्यांवर आलं. शतक संपता संपता ते एक टक्क्याच्याही खाली गेलं.

हात बसल्यावर कोखर यांनी एक पाऊल पुढे टाकलं. गाठीचा थोडा भाग ठेवला तर ती पुन्हा वाढण्याची भीती. मग सबंध ग्रंथीच का काढू नये? थायरॉइडचं काम काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गळ्याला गोलाई द्यायला ती असते, असंही म्हणणारे होते. ज्या वस्तूचा उपयोग माहीत नाही ती निरुपयोगीच असणार, असं माणसाला फार लवकर वाटतं. जखमा स्वच्छ भरत होत्या. रोगी हात जोडून घरी जात होते. वहीत नोंद होत होती: बरा झाला. खातं बंद.

दोन बहिणी

जानेवारी १८७४ मध्ये कोखर यांनी एका अकरा वर्षांच्या मुलीची सबंध ग्रंथी काढली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. काही महिन्यांनी तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर फेट्शेरिन यांनी कोखर यांना कळवलं की मुलगी पार बदलली आहे. पूर्वीची चपळ पोर आता सुस्त आणि चिडचिडी झाली आहे, तिला कामाला लावावं लागतं. कोखर यांना ही गोष्ट विलक्षण वाटली. मुलीला स्वतः पाहावं असं त्यांच्या मनात होतं. पण ते जमलं नाही. दिवस गेले, वर्षं गेली, शस्त्रक्रिया चालू राहिल्या.

या ठिकाणी मी वाचताना थांबलो होतो. कोखर निष्काळजी नव्हते, हे त्यांचं सबंध आयुष्य सांगतं. तरीही एका पत्राने दिलेली सूचना आठ वर्षं तशीच पडून राहिली. टेबलावरच्या फायलींच्या ढिगात एखादा कागद असाच खाली जातो. त्यावर तातडीचा शिक्का नसतो, आणि समोर उभी असलेली माणसं त्याहून जास्त निकडीची असतात.

सप्टेंबर १८८२ मध्ये जिनिव्हाचे शल्यविशारद झाक-लुई रेव्हरदाँ यांची आणि कोखर यांची भेट झाली. सबंध थायरॉइड काढलेल्या आपल्या काही रोग्यांमध्ये पुढे विचित्र अशक्तपणा आणि मंदपणा दिसतो आहे, असं रेव्हरदाँ यांनी बोलण्यात सांगितलं. कोखर यांना ते जुनं पत्र आठवलं असणार.

बर्नला परतल्यावर त्यांनी जे केलं त्यात मला त्यांचं खरं मोठेपण दिसतं. त्यांनी जुन्या वह्या काढल्या आणि आपल्या बऱ्या झालेल्या रोग्यांना पुन्हा बोलावलं. सबंध ग्रंथी काढलेले चौतीस जण होते. त्यांपैकी अठरा जणांना त्यांना तपासता आलं. अठरांपैकी सोळा जणांची दशा वाईट होती. चेहरा आणि हात सुजलेले, कातडी कोरडी, केस विरळ, उन्हातही थंडी वाजते, जीभ जड, बोलणं संथ, विचार त्याहून संथ. जे जितक्या लहान वयात शस्त्रक्रियेला आले होते, त्यांची हानी तितकी जास्त. ज्यांच्या ग्रंथीचा काही भाग शिल्लक ठेवला होता ते मात्र ठणठणीत होते.

ती मुलगीही आली. आता ती वीस वर्षांची होती. तिला एक धाकटी बहीण होती. शस्त्रक्रियेच्या वेळी दोघी दिसायला इतक्या सारख्या होत्या की लोक एकीला दुसरी समजत. नऊ वर्षांनंतर धाकटी उंच, टवटवीत तरुणी झाली होती, आणि थोरली बालकाच्या उंचीची, सुजलेल्या चेहऱ्याची, मंद नजरेची राहिली होती. कादंबरीकाराला अशा जागी त्या मुलीच्या मनात शिरण्याचा मोह होतो. मी तो आवरतो. त्या दोघी बहिणी एकाच घरात वाढल्या एवढं समजणं पुरेसं आहे.

एप्रिल १८८३ मध्ये बर्लिनला जर्मन शल्यविशारदांच्या परिषदेत कोखर उभे राहिले. शंभरावर शस्त्रक्रियांचा अनुभव, कुणालाही हेवा वाटावा असे आकडे. त्या आकड्यांबरोबरच त्यांनी सोळा रोग्यांची हकिकतही मांडली. त्या अवस्थेला त्यांनी नाव दिलं ‘काकेक्सिया स्ट्रुमिप्रिवा’, म्हणजे गलगंड काढल्यामुळे येणारी क्षीणता. साध्या गलगंडासाठी सबंध थायरॉइड यापुढे आपण काढणार नाही, हेही जाहीर करून टाकलं.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. कारण सांगताना ते चुकले. श्वासनलिकेला इजा होऊन शरीराला प्राणवायू कमी पडत असावा, असा त्यांचा तर्क होता. हा विकार आधी कुणी ओळखला, यावरून रेव्हरदाँ आणि ते यांच्यात वादही झाला. मोठ्या माणसांचेही पाय मातीवरच असतात. पण सोळा आणि अठरा हे आकडे त्यांनी लपवले नाहीत, आणि पुढच्या सगळ्या ज्ञानाचा पाया तेच आकडे झाले.

शाखा आणि मुख्य कचेरी

त्या माणसांना नेमकं झालं काय होतं, हे आज आपल्याला समजतं. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो.

थायरॉइड ही एक लहानशी शाखा आहे. रक्तातून येणारं आयोडीन हा तिचा कच्चा माल. त्यापासून ती थायरॉक्सिन नावाचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, तयार करते आणि सरळ रक्तात सोडते. त्यासाठी वेगळी नळी नाही, म्हणून या ग्रंथींना अंतःस्रावी म्हणतात. रक्त हाच त्यांचा टपालखात्याचा रस्ता. हा निरोप जवळजवळ प्रत्येक पेशीला मिळतो आणि त्यावर पेशी किती इंधन जाळायचं ते ठरवते. हृदयाचे ठोके, अंगातली ऊब, आतड्याची चाल, मुलांची उंची आणि वाढत्या मेंदूची घडण, हे सगळं त्या निरोपावर चालतं.

किती संप्रेरक बनवायचं हे शाखा एकटी ठरवत नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी आहे; ती मुख्य कचेरी. तिच्याही वर मेंदूतला हायपोथॅलॅमस, म्हणजे संचालक मंडळ म्हणा. रक्तातलं थायरॉक्सिन कमी झालं की मुख्य कचेरी टीएसएच नावाचं स्मरणपत्र पाठवते: उत्पादन वाढवा. शाखेने काम केलं, रक्तातलं प्रमाण पुरेसं झालं की स्मरणपत्रं कमी होतात. शरीरातली बहुतेक संप्रेरकं अशाच उलट-तपासणीने ताब्यात राहतात. पुष्कळ घरांत रक्ताचा अहवाल पाहून गोंधळ होतो: टीएसएच वाढलं आहे, मग थायरॉइड कमी कसं? शाखा काम करीनाशी झाली की स्मरणपत्रांचा ढीग वाढतो, तसंच ते आहे. ढीग मोठा, म्हणजे बहुधा शाखा मंदावलेली.

आता गलगंडाकडे पाहा. आयोडीन नाही, म्हणून माल तयार होत नाही. मुख्य कचेरी स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं धाडते. बिचारी शाखा माणसं वाढवते, जागा वाढवते, भिंती पाडून पसरते. तीच गळ्यावरची गाठ. आहे तेवढ्या आयोडीनमधून जमेल तेवढं संप्रेरक ती काढतच असते. अशी ग्रंथी सबंध कापून टाकणं म्हणजे गर्दी फार झाली म्हणून शाखाच बंद करणं.

आणि रोगी बरे होऊन घरी कसे गेले? त्याचंही उत्तर हिशेबातच आहे. रक्तातलं थायरॉक्सिन एकदम संपत नाही. साधारण दर आठवड्याला शिल्लक निम्मी होते. जखम भरेपर्यंत खात्यात पुरेसे पैसे असतात. ते संपतात तेव्हा माणूस आपल्या गावी पोचलेला असतो, इस्पितळाच्या नजरेआड. दारापर्यंत पोचवून निरोप घेणाऱ्या डॉक्टराला हे कधीच दिसलं नसतं.

याला एक चटका लावणारी पुरवणी आहे. अमेरिकन शल्यविशारद हॉलस्टेड यांच्या लक्षात आलं की कोखर यांच्या रोग्यांना ही क्षीणता यायची, तर बिलरोथ यांच्या रोग्यांना ती सहसा येत नसे. त्यांना हातापायांचे वळ आणि झटके येत. कारण दोघांच्या हातांत होतं. बिलरोथ झपाट्याने काम करीत. थायरॉइडचा थोडा तुकडा मागे राही, पण तिच्या पाठीशी चिकटलेल्या भाताच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी निघून जात किंवा दुखावत. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हे त्यांचं काम. ते घसरलं की स्नायू आकडतात. कोखर इतके नीटनेटके, की त्या चार दाण्यांना धक्का लागत नसे आणि थायरॉइडचा कणही मागे राहत नसे. त्यांचा सगळ्यात मोठा गुणच त्यांच्या रोग्यांना भोवला.

मेंढीच्या ग्रंथीपासून गोळीपर्यंत

बर्लिनच्या त्या निबंधाने इतरांची डोकी चालू झाली. लंडनमधले फेलिक्स सेमॉन यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुचवलं की डोंगरातला जन्मजात खुजेपणा व मतिमंदपणा, इंग्लंडमध्ये प्रौढ स्त्रियांत दिसणारा मिक्सिडिमा आणि कोखर यांची क्षीणता हे तिन्ही एकच असावेत. थायरॉइडचं काम थांबणं हेच मूळ. लोक हसले. चौकशीला समिती नेमली गेली. १८८८ मध्ये समितीने सांगितलं की सेमॉन बरोबर होते.

मग उपायही सुचला. नाही ते बाहेरून द्यायचं. कोखर यांनी १८८३ मध्येच थायरॉइडचा तुकडा रोग्याच्या शरीरात बसवून पाहिला होता. १८९१ मध्ये न्यूकॅसलचे तरुण डॉक्टर जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क मिक्सिडिमा झालेल्या सेहेचाळीस वर्षांच्या एका बाईला टोचला. ती पुढे अठ्ठावीस वर्षं जगली आणि तेवढ्या काळात आठशे सत्तरहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी तिला लागल्या. मरणासन्न माणूस एका अर्काने उठून बसतो, हे वैद्यकाने पूर्वी असं कधी पाहिलं नव्हतं. १८९५ मध्ये जर्मनीत बाउमान यांना थायरॉइडमध्ये आयोडीन सापडलं. १९०५ मध्ये लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी रक्तातून हिंडणाऱ्या या निरोप्यांना ‘हार्मोन’ हे नाव दिलं. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिनचे स्फटिक वेगळे काढले.

पुष्कळशा अंतःस्रावी ग्रंथींची ओळख माणसाला अशीच झाली. लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी नासलेले रोगी पाहून त्यांचं महत्त्व ओळखलं. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्गला कुत्र्याचं स्वादुपिंड काढल्यावर त्याला मधुमेह झाला, आणि तिथून वाट १९२१ च्या इन्शुलिनपर्यंत गेली. घरातलं एखादं माणूस मुकाट्याने राबत असतं. ते चार दिवस गावाला गेलं की त्याच्यावर काय काय अवलंबून होतं ते कळतं. या ग्रंथींचंही तसंच.

मानाची वर्षं

पुढे कोखर यांची कीर्ती वाढत गेली. आयुष्यात त्यांनी थायरॉइडच्या पाच हजारांवर शस्त्रक्रिया केल्या. आता ग्रंथीचा काही भाग नेमाने मागे ठेवून. शस्त्रक्रियेवरचा त्यांचा ग्रंथ अनेक भाषांत गेला. जगभरचे तरुण बर्नला येऊ लागले. १९०० साली अमेरिकेहून आलेला हार्वे कुशिंग हा त्यांतलाच. तो पुढे पिट्युटरीचा जगन्मान्य अभ्यासक झाला. गुरूने शाखा उलगडली, शिष्याने मुख्य कचेरी.

१९०९ चं नोबेल पारितोषिक थायरॉइडवरच्या कामासाठी कोखर यांना मिळालं. हा मान मिळालेले ते पहिले शल्यविशारद. त्या पैशांचा उपयोग त्यांनी बर्नमध्ये संशोधन संस्था उभी करण्यासाठी केला. १९१३ मध्ये त्यांच्याकडे एक रशियन निर्वासित बाई आली. तिची थायरॉइड मंद नव्हती, उलट बेफाम धावत होती. स्मरणपत्रांची वाट न पाहता शाखाच मनमानी करू लागावी तशी. छातीची धडधड, डोळे पुढे आलेले. कोखर यांनी शस्त्रक्रिया केली. ती बाई म्हणजे नाद्येज्दा क्रुप्स्काया, लेनिनची पत्नी. ती नंतर पंचवीस वर्षं जगली.

जुलै १९१७ मध्ये एका संध्याकाळी पंचाहत्तर वर्षांच्या कोखर यांना तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी बोलावणं आलं. ते गेले, काम पुरं केलं, आणि घरी येऊन बरं वाटत नाही म्हणून अंथरुणावर पडले. तिथेही टिपणं चाळणं चालूच होतं. २७ जुलैला त्यांचं निधन झालं.

त्यांच्यानंतर पाच वर्षांत, १९२२ मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये मिठात आयोडीन मिसळायला सुरुवात झाली आणि ज्या गाठींवर कोखर यांनी आयुष्य वेचलं त्या हळूहळू दिसेनाशा झाल्या. चाकूने पाच हजारांची सुटका केली. चिमूटभर मिठाने पुढच्या पिढ्यांची. आपल्याकडे १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग सुरू केला. त्याचं यश दिसू लागलं आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला. आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या पुड्यावर आयोडीन हा शब्द छापलेला असतो त्यामागे एवढा इतिहास आहे.

एक गोष्ट मात्र मीठ करू शकत नाही. काही बाळं जन्मतःच थायरॉइडशिवाय किंवा मंद थायरॉइड घेऊन येतात. जगात साधारण अडीच-तीन हजारांत एक, आणि आपल्याकडे हे प्रमाण त्याहून अधिक आढळलं आहे. पहिल्या दिवसांत बाळ अगदी नेहमीसारखं दिसतं, कारण आईकडून आलेली शिल्लक असते. ती संपेपर्यंत बाळ घरी आलेलं असतं आणि बारसंही झालेलं असतं. टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ही तपासणी करता येते, आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मेंदूची वाढ सुरळीत होते. घरात बाळ येणार असेल तर डॉक्टरांना या तपासणीबद्दल आवर्जून विचारावं. बाळंतविड्याच्या यादीत ती एक ओळ वाढवायला हरकत नाही.

ती मुलगी १८७४ ऐवजी आजच्या काळात कोखर यांच्या टेबलावर आली असती, तर दुसऱ्या दिवसापासून एक छोटी गोळी घेऊन बहिणीच्या बरोबरीने वाढली असती. तिचं छायाचित्र कोखर यांनी १८८३ च्या त्या निबंधात छापलं आहे. त्यांच्या हजारो यशस्वी शस्त्रक्रियांमधून आपल्यापर्यंत फारसे चेहरे पोचले नाहीत. तिचा पोचला, कारण ज्याने तिचं खातं बरं झालं म्हणून बंद केलं होतं, त्यानेच ते पुन्हा उघडलं आणि सर्वांसमोर ठेवलं.